उशीची साखर

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला आणि आतून बिस्किटाचा चुरा पडला. तिने तो चिमटीत उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"क्रीमचं," ती म्हणाली.

"ऑरेंज क्रीमचं," तिचा भाऊ म्हणाला. "अर्धवट माहिती देऊ नकोस."

तो पलंगाच्या कडेला बसला होता. उजवा पाय त्याने तिच्या मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर असा टाकला होता, जणू तो तिचाच पाय होता आणि इतके दिवस सांभाळायला म्हणून त्याच्याकडे होता. करंगळीची जागा मोकळी होती. ती मागच्या वर्षी काढावी लागली. आता शेजारच्या बोटाखालची जखम टाचेकडे सरकली होती. कडा काळपट, मध्ये ओलं. तिने औषधात कापूस बुडवला आणि पुसायला घेतलं. त्याने साधं तोंडही वाकडं केलं नाही. पायाला काही कळणं केव्हाच बंद झालं होतं.

सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणायची. एके काळी तो दुमजली उंचीच्या भिंतींवर हाताने अक्षरं रंगवायचा आणि त्याचा 'श' बघायला दुसरे पेंटर वाट वाकडी करून यायचे. त्याच्या मानाने बहिणीचं काम इवलंसं. बाजारामागच्या रस्त्यावर तिचं एका खोलीचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकाची खुर्ची, मागे प्लास्टरची पोती आणि पॉलिशचं मशीन. ती कवळ्या बनवायची. पेंटर तिला 'कवळे' म्हणून हाक मारायचा. मन प्रसन्न असेल तर 'कवळाबाई'.

"सकाळी साखर मोजलीस?"

"मोजली."

"किती?"

"भरपूर."

तिने नवी पट्टी गुंडाळायला घेतली आणि तेवढ्यात तिला मुंग्या दिसल्या. एक बारीक, शिस्तशीर रांग पलंगाच्या पायापासून निघून भिंतीच्या कडेने कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्यांकडे चालली होती. लाल, निळा, काळा सगळे ओलांडून ती पांढऱ्या रंगाच्या डब्यावर चढत होती. डब्यात एक ब्रशही खोचून ठेवलेला होता.

पट्टीचं टोक दाताने फाडून तिने गाठ मारली, त्याचा पाय खाली ठेवला आणि उठून डब्यापाशी गेली. ब्रश बाहेर काढला. वास घेतला. मग बोटाने चाटून पाहिलं.

"कंडेन्स्ड मिल्क," ती म्हणाली.

"दोन हात मारले की भिंत काय सुंदर दिसते," पेंटर म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

ती हसली नाही. एकेकाळी हसली असती. तोच तर घोटाळा होता. या माणसाने तिला लहानपणापासून हसवलं होतं, आणि हसता हसता ती त्याची खरकटी उचलत आली होती. आईने मरताना हात धरून 'त्याच्याकडे बघ' वगैरे काही सांगितलं नव्हतं. आई झोपेतच गेली होती. त्याची बायको मात्र भांडून, बोलून, चांगली बॅगा भरून गेली होती, आणि जाताना नणंदेला म्हणाली होती, "आता तुम्ही बघा." तेवढ्यावर तिने आपण होऊन हे अंगावर घेतलं होतं. का, याचं उत्तर तिला अजून नीट देता येत नव्हतं.

चादर बदलायला म्हणून ती पलंगाकडे वळली. उशी उचलली आणि थबकली. उशीला दवाखान्याचा वास येत होता. इन्शुलिनच्या बाटलीचं बूच उघडल्यावर येतो तसा, उग्र. तिने ती दाबून पाहिली. एका कोपऱ्यात कापूस ओला होता आणि खोळीवर टोचल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या.

ती काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तिची साखर आता एकदम नॉर्मल असेल बघ. पहिल्यापासून ऐकणारी आहे ती."

"मी फोनवर विचारायचे, घेतलंस का. तू म्हणायचास घेतलं."

"टोचलं म्हणायचो. कुणाला, ते तू कधी विचारलं नाहीस."

ती उशी हातात घेऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.

"दादा, डॉक्टर पाय काढायच्या गोष्टी करताहेत."

"करू देत. त्यांना दुसरा उद्योग काय?"

"तुला मरायचंय का?"

"मला बिस्कीट खायचंय," पेंटर म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. तो नेहमी असाच बदलायचा, आधी हसवून, मग बेसावध असताना. "आणि तू माझ्यासाठी येतेस असला आव आणू नकोस. तुला घरात कोण विचारतं? नवरा पेपरात तोंड घालून बसलेला, मुलगी परक्या देशात. दिवसभर लोकांच्या थुंकीत हात. इथे आलीस की निदान एक रडकथा मिळते सांगायला. मी बरा झालो तर तू करशील काय रविवारी?"

तिने उशी पलंगावर ठेवली. खोळ सारखी केली. टॉवेलची घडी घातली, कात्री आणि औषध पिशवीत भरलं, मग ते पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"मी यापुढे येणार नाही," ती म्हणाली.

"हे तू मागेही म्हणाली होतीस."

"मागे ओरडून म्हणाले होते."

पेंटरने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग खांदे उडवले.

"जाताना कचरा घेऊन जा."

कचऱ्याची पिशवी दाराशीच होती, तोंड बांधलेली. ती तिला ओलांडून बाहेर पडली.

जिन्याखालच्या टपरीत इस्त्रीवाल्या बाई शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होत्या. पेंटरच्या किराण्यापासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं त्यांना ठाऊक असायचं, कारण तो वरून हाका मारायचा आणि त्या जायच्या. तिने थांबून त्यांना सांगितलं की आपण आता येणार नाही. काही झालंच तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

"आणि तुम्हाला कधी कळवू?"

"नंतर."

बाईंनी इस्त्री उभी केली. "सख्ख्या ना तुम्ही?"

"हो."

"वाटत नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागल्या.

पुढचे दिवस सुटकेचे असतील असं तिला वाटलं होतं. ते तसे नव्हते. पेंटर दुकानात फोन करू लागला. आधी शिव्या दिल्या, त्याही कल्पक. तिच्या सासरच्या तीन पिढ्यांना त्यात जागा मिळाली. मग तो बोलेनासा झाला. फोन उचलला की पलीकडून नुसता कुरुमकुरुम आवाज यायचा. तो फोनजवळ तोंड नेऊन बिस्किटं खात असायचा. पहिल्या वेळी तिने पुडा संपेपर्यंत ऐकलं. गिऱ्हाईक खुर्चीत बोळकं वासून बसलेलं आणि ती रिसीव्हर कानाला लावून उभी. दुसऱ्या वेळीही ऐकलं. नंतर मात्र तो आवाज ऐकू आला की ती फोन ठेवू लागली. 

मावशीचा फोन आला. पेंटर कुठल्या मजल्यावर राहतो हेही मावशीला धड ठाऊक नव्हतं, पण रक्ताच्या नात्यावर ती बराच वेळ बोलली.

"मग तू जाशील का मावशी? रविवारी सकाळी. पट्टी कशी बांधायची मी शिकवते."

"माझे गुडघे कुठे चालतात बाई," मावशी म्हणाली आणि तिला एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

रविवारी तिला काय करावं ते सुचेना. पेंटर म्हणाला होता ते खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिने शेगडी सुटी करून घासली. फ्रीजमागची भिंत घासली. नवऱ्याने पेपर खाली घेतला आणि म्हणाला, "आपण जरा बाहेर जाऊया का?"

"कुठे?"

"कुठेही. तळ्याकडे."

"तुम्हाला आनंद झालाय ना, मी जात नाही याचा?"

तो नेहमी अशा वेळी 'तसं नाही गं' म्हणायचा. या वेळी त्याने पेपरची घडी घातली.

"झालाय," तो म्हणाला.

ती त्याच्यावर पुष्कळ ओरडली. जे पेंटरला ऐकवायचं होतं त्यातलं बरंच त्याला ऐकवून झालं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग चपला घातल्या आणि दारात उभा राहिला. थोड्या वेळाने तिनेही घातल्या. तळ्यापाशी दोघं एकमेकांशी अक्षर न बोलता एक फेरी मारून आली.

ॲम्ब्युलन्स अखेर बोलवावी लागलीच. पेंटर न्हाणीत पडला, ताप चढलेला, जखम पोटरीपर्यंत पोचलेली. इस्त्रीवाल्या बाईंनी आधी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि नंतर तिला कळवलं. सांगितलं होतं त्याच क्रमाने, एक शब्द जास्त न बोलता. ती जागची हलली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातून फोन आला की पेशंट ऐकत नाहीयेत, जवळच्या नातेवाइकांनी यावं. तेव्हा तिने ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि निघाली.

सर्जन तरुण होत्या आणि थकलेल्या. "गुडघ्याखालून काढावा लागेल. उशीर केला तर विष अंगभर पसरेल. मी दोनदा समजावलं. आम्हाला उडवून लावतात. तुम्ही बोला. घरच्यांचं ऐकतात लोक."

यावर तिला हसू फुटलं. सर्जनबाईंना ते आवडलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पेंटरचे गाल आत गेले होते. हाताला सलाईन. ती पायाशी उभी राहिली. खुर्ची होती, पण बसली नाही.

"आलीस," तो म्हणाला. "म्हटलं होतं ना मी, येशील."

"बोलावलं म्हणून आले."

"काय म्हणते ती पोरगी?"

"तुला सांगितलंय त्यांनी."

"तू सांग."

"गुडघ्याखालून पाय काढायचा. नाही काढला तर जगणार नाहीस."

"आणि तुझं काय म्हणणं?"

तो उशीवर थोडा वर सरकला होता. डोळ्यांत ताप होता, पण त्यामागे जुनी चमकही होती. ती चमक तिला पाठ होती. आता बहीण रडेल, मग ओरडेल, मग हात जोडेल, आणि प्रत्येक पायरीवर तो तिला 'नाही' म्हणेल. करंगळीच्या वेळी असंच दोन दिवस चाललं होतं. त्याने सगळे नकार ओळीने मांडून ठेवले असावेत.

"माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाय तुझा आहे दादा."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलून त्यांच्याकडे तोंड केलं. पेंटर वाट बघत राहिला. ती चादरीच्या शिवणीकडे बघत होती. चादरीखाली पायाचा उंचवटा होता. हा पाय किती वेळा मांडीवर घेतला, हे तिच्या मनात येऊन गेलं आणि तिने नजर खिडकीकडे वळवली.

"भांड की," पेंटर म्हणाला.

ती बोलली नाही.

"भांड ना. तोंडात काय कवळी अडकली?"

तिने खिडकीवरून नजर काढली नाही. आवाज फुटला तर तो कुठला असेल याची तिला खात्री नव्हती.

"मी मेलो तर तुझ्या डोक्यावर आहे हे. लक्षात ठेव."

"नाही," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, पण म्हणाली.

त्याने स्टँडवरचा प्लास्टिकचा ग्लास उचलून तिला मारला. नेम चांगला होता. ग्लास खांद्याला लागला आणि पाणी ब्लाऊजवरून खाली ओघळलं. म्हातारा 'अहो, अहो' करू लागला. तिने ग्लास उचलला, स्टँडवर जागच्या जागी ठेवला आणि बाहेर आली.

"ते पूर्ण शुद्धीत आहेत," तिने सर्जनबाईंना सांगितलं. "जे विचारायचं ते त्यांनाच विचारा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

सर्जनबाईंनी तिच्याकडे, तिच्या भिजलेल्या खांद्याकडे पाहिलं. त्यांना आणखी काही बोलायचं असावं, पण त्या फक्त बाजूला झाल्या आणि तिला वाट दिली.

पेंटर दोन दिवसांनी 'हो' म्हणाला. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. सकाळी पट्टी बदलायला आलेल्या नर्सला म्हणाला की काढा काय काढायचंय ते, वास सहन होत नाही. ऑपरेशन झाल्यावर इस्पितळाने तिला कळवलं. ती "ठीक आहे" म्हणाली आणि मशीनकडे वळली. पॉलिश करता करता तिने एक चांगला सुळा नखाएवढा घासून टाकला. ती कवळी तिला पहिल्यापासून करावी लागली.

त्यानंतर ती त्याला भेटायला गेली नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "जाऊन येतेस का? मी येतो सोबत." ती "नको" म्हणाली, आणि तो विषय दोघांच्यात पुन्हा निघाला नाही. पेंटरचे फोन बंद झाले. कधी कधी दुकानात शांतता असली की ती फोनकडे बघायची.

थंडी सरत आली होती. एका दुपारी दुकानाचं दार ढकलून इस्त्रीवाल्या बाई आत आल्या. पदर तोंडावर धरलेला. वरचे उरलेसुरले दात काढून हिरड्या भरून आल्या होत्या.

"दुसरं दुकान लांब पडतं," बसण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं. "म्हणून आले."

"बसा."

तिने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, हिरड्या बोटाने तपासल्या, वाटीत हिरड्यांचं माप घ्यायची गुलाबी पावडर घेतली. बाई खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसल्या होत्या.

"भावाची चौकशी नाही केलीत."

"कसा आहे?"

"मस्त आहेत. मालकाला सांगून खालची खोली मिळवून दिली मी, माझ्या टपरीला लागून. हाक मारली की मी हजर." बाईंच्या बोळक्यातून शब्द फसफसत येत होते, पण त्यातला तोरा लपत नव्हता. "माझं ऐकतात. तुम्ही सारख्या अंगावर जायच्या त्यांच्या. माणसाला गोडीने घ्यावं लागतं."

वाटीत पाणी जरा जास्त पडलं. तिने ते ओतून टाकलं आणि दुसरी पावडर घेतली. बाईंचं ऐकतो? इतकी वर्षं तिने रक्त आटवलं आणि ही बाई दोन महिन्यांत गोडीने घेते? 

"बरं आहे मग," ती म्हणाली.

"हसवतात किती! परवा म्हणाले, एका पायाच्या माणसाला चप्पल अर्ध्या किमतीत मिळायला हवी." बाई हसल्या आणि हसताना त्यांनी बाही खाली ओढली. मनगटाच्या वर एक काळानिळा वळ होता. तिची नजर तिथे गेलेली बाईंनी पाहिली. "ते काही नाही. ताट भिरकावलं, ते लागलं. माझंच चुकलं. जेवताना औषधाचं काढायला नको होतं मी."

"हं."

"स्वभाव आहे. मनात काही नसतं." बाईंनी गळ्याभोवतीचं कापड सारखं केलं. मग त्या समोरच्या भिंतीला सांगावं तसं बोलू लागल्या. "लेकीला मुलगा झाला माझ्या. गाडीने एका दिवसाची वाट. ती म्हणते, आई ये. पण आता ह्यांना टाकून कशी जाऊ? जाते म्हटलं की दोन दिवस जेवत नाहीत. गोळ्या फेकून देतात. बरं, दुसरं आहे कोण त्यांना?"

त्यांनी हा प्रश्न तिच्याकडे बघून विचारला. त्यात टोमणा होता. आणि टोमण्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते टोमण्यासारखं नव्हतं.

तिने मिश्रण घोटून साच्यात भरलं. बोट ओलं करून वरून सारखं केलं.

"तोंड उघडा."

बाईंनी तोंड उघडलं. तिने साचा आत सरकवून टाळूला दाबला, दुसऱ्या तळव्याने हनुवटीला आधार दिला. मिश्रण घट्ट होईपर्यंत असंच धरून राहायचं होतं. बाईंचं डोकं तिच्या पोटाशी टेकलं होतं. केसांना स्टार्चचा आणि तापलेल्या कापडाचा वास होता.

"नातवाला बघून या," ती म्हणाली.

बाईंच्या घशातून आवाज निघाला.

"बोलू नका, माप बिघडेल. तुम्ही गेलात की तो जेवणार नाही. गोळ्या फेकेल. शिव्या देईल, तुमच्याही सात पिढ्यांचा उद्धार करेल. कदाचित पडेलही. मी खोटं नाही सांगत, हे सगळं होईल." तिने साच्यावरचा दाब सारखा केला. "तरी जा. तुम्ही राहिलात तरी हेच होणार आहे. फक्त तुम्ही तिथे असाल."

बाई वर, तिच्याकडे बघत होत्या. डोळे भरून आले होते. तसे ते सगळ्याच गिऱ्हाइकांचे येतात, साचा टाळूला लागला की. मग त्यांनी खुर्चीवरचा एक हात उचलला आणि तिचं मनगट धरलं, घट्ट. दूर ढकलायला धरलं की आधाराला, ते तिला कळेना. तिने हात काढून घेतला नाही.

"नाकाने श्वास घ्या," ती म्हणाली.